लक्ष लागलं की धावणारा गडी
(प्रस्तावना)

सिंगापूरमध्ये ‘कोगोलँड’ नावाचा एक खेळ तयार झाला. पडद्यावर एक बेट आहे आणि त्या बेटाला फेरी मारणारा एक गडी आहे. त्याला पळवायला बटण नाही. खेळणाऱ्या मुलाच्या कपाळावर एक पट्टा बांधलेला असतो, त्यातले इलेक्ट्रोड मेंदूतल्या विजेचे बारीक चढउतार टिपत असतात आणि मुलाचं लक्ष जितकं एकवटेल तितका गडी जोरात पळतो. लक्ष उडालं की त्याची चाल मंदावते. खेळ सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाची एक छोटी चाचणी घेतात. हिरव्या रंगात लिहिलेला ‘लाल’ हा शब्द दाखवून रंग कोणता ते विचारायचं, मध्ये विसावा द्यायचा, पुन्हा विचारायचं. डोकं लावताना या मुलाच्या लहरी कशा दिसतात आणि निवांत असताना कशा, हे त्यावरून संगणक शिकून घेतो. मग बेटाभोवतीची शर्यत सुरू होते.

हे ऐकल्यावर एडीएचडी असलेल्या मुलाच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. गोळी नको, ओरडाआरडा नको, मूल आपणहून खेळायला बसेल आणि खेळता खेळता सुधारेल. ज्या पडद्यावरून घरात रोज भांडण होतं, तोच पडदा औषध होऊन येईल. या आशेची टिंगल करणं मला कधीच जमणार नाही. वर्षानुवर्षं शाळेतून चिठ्ठ्या येत असतात, शेजारी सल्ले देत असतात, नातेवाईक आईच्या वळण लावण्याला नावं ठेवत असतात. त्यातून गेलेल्या माणसाला अशी आशा धरण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि म्हणूनच ती आशा कुठवर खरी आहे हे त्याला स्पष्ट सांगणं आपलं कर्तव्य आहे. हे पुस्तक त्यासाठी आहे.

खेळाआधी मुलांविषयी बोलायला हवं. अवधान टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा अशा तीन गोष्टी एडीएचडीत येतात. प्रत्येक मुलात त्या सारख्या प्रमाणात नसतात. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ साली जो अंदाज काढला गेला, तो अठरा वर्षांखालच्या मुलांत सुमारे पाच टक्क्यांचा होता. साठ मुलांच्या वर्गात तिघं धरा. त्यातल्या दोघांना बाई पहिल्याच आठवड्यात ओळखतात: एक बाकावरून सारखा उठतो, दुसरा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. तिसरी बहुधा मुलगी असते. शेवटून दुसऱ्या बाकावर, शांत, नजर खिडकीबाहेर. ती कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही, आणि आठवी-नववीत गुण घसरले की सगळे एकदम जागे होतात. आपल्याकडे या मुलांसाठी विशेषणं भरपूर आहेत: वांड, धांदरट, वेंधळी, उनाड. पालकसभेत ‘हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही’ हे वाक्य ऐकून आलेली आई घरी येऊन मुलावर ओरडते आणि रात्री स्वतःवर चिडते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या अडचणीत वारशाचा वाटा साधारण तीन-चतुर्थांश निघाला आहे. ती आईच्या लाडामुळे किंवा वडिलांच्या धाकाच्या अभावामुळे होत नाही. हे वाक्य मी जाडजूड अक्षरांत छापायला तयार आहे.

मग प्रत्येक घरात विचारला जाणारा प्रश्न येतो: लक्ष लागत नाही म्हणता, मग मोबाइलवर दोन-दोन तास कसा बसतो? प्रश्न रास्त आहे आणि मेंदूच्या खेळांची सगळी कल्पना त्याच्या उत्तरावर उभी आहे. १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आठ पुरुषांना रणगाड्याचा व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं गेलं. खेळताना मेंदूच्या आतल्या भागात, स्ट्रायटममध्ये, डोपामीन हे रसायन स्रवतं असं त्यात दिसलं. बक्षिसाची चाहूल आणि त्यासाठीची धडपड यांच्याशी या रसायनाचा जवळचा संबंध आहे. एडीएचडी असलेल्या मुलाला लांबचं बक्षीस फार फिकं वाटतं. गृहपाठाचं फळ सहामाही परीक्षेत मिळणार. खेळात ते दर दोन सेकंदांनी मिळतं, आवाज करून मिळतं, चुकलं तर लगेच पुन्हा डाव मांडता येतो. या मुलांकडे लक्ष असतं. ते हवं तेव्हा हव्या जागी नेऊन लावणं आणि कंटाळ्याच्या जागीही टिकवणं त्यांना अवघड जातं. मोबाइलवरचे दोन तास हा त्या अडचणीविरुद्धचा पुरावा नव्हे, तिचंच एक रूप आहे.

आता ज्या लहरींनी तो गडी पळतो त्या लहरींकडे. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली आणि पाच वर्षं स्वतःशीच ताळा करत राहून १९२९ साली ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सेकंदाला दहाएक वेळा हेलकावणारी लहर त्याला दिसली; तिला त्यानं अल्फा म्हटलं. डोळे उघडले किंवा मनात गणित सोडवायला घेतलं की ही लहर विरते, हेही त्यानंच टिपलं. म्हणजे मेंदूलहरी आणि लक्ष यांचं नातं या शास्त्राच्या पहिल्या पानापासून आहे. त्या वेळी फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा करून दाखवला, तेव्हा जगानं मान डोलावली.

यानंतरचा एक योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात वागणुकीच्या अडचणी असलेल्या मुलांसाठी एमा पेंडलटन ब्रॅडली होम ही संस्था होती. तिथे चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७ साली मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर त्यातली बरीच मुलं शांत होऊन अभ्यासाला लागल्याचं नोंदवलं. आजच्या मेथिलफेनिडेटसारख्या औषधांची वाट तिथून सुरू होते. त्याच संस्थेत हर्बर्ट जॅस्पर मेंदूलहरींची प्रयोगशाळा चालवत होते, आणि १९३८ साली जॅस्पर, सॉलोमन आणि ब्रॅडली यांनी तिथल्या मुलांच्या लहरी तपासून त्यातल्या अनेकांत त्या अपेक्षेपेक्षा संथ असल्याचं लिहिलं. एकाच छपराखाली, वर्षभराच्या अंतरानं, औषधाची वाट आणि लहरींची वाट निघाली. पुढे दोन्ही वाटांवरची माणसं एकमेकांकडे संशयानं बघत राहिली. जॅस्पर यांनी पुढे डोक्यावर इलेक्ट्रोड नेमके कुठे लावायचे याची जी मोजणी १९५८ साली ठरवून दिली, तिला टेन-ट्वेंटी पद्धत म्हणतात. आज आपल्या गावातल्या ईईजी, म्हणजे मेंदूलहरींची नोंद, काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातात टेप असते ती त्याच मोजणीसाठी.

लहरी नुसत्या मोजायच्या नाहीत, त्या शिकवून बदलायच्या, हे मांजरांनी दाखवलं. लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन साठच्या दशकात मांजरांवर प्रयोग करत होते. मांजर अंग न हलवता सावध बसलं की मेंदूच्या हालचालीशी संबंधित पट्ट्यात सेकंदाला बारा ते पंधरा वेळांची लहर येते. ती आली की दूध द्यायचं. मांजरं ती लहर मुद्दाम आणायला शिकली. पुढे याच मांजरांचा उपयोग अगदी निराळ्या कामासाठी झाला. अग्निबाणाच्या इंधनातल्या मोनोमेथिलहायड्रॅझिन या विषारी द्रव्यानं झटके येतात. अमेरिकी हवाई दलाला त्याचे परिणाम जाणून घ्यायचे होते. ते द्रव्य दिल्यावर लहरींचं शिक्षण मिळालेल्या मांजरांना झटके उशिरा आले, काहींना आलेच नाहीत. मांजराला आपल्याला काय शिकवलं जातंय याची कल्पना नसते, बरं वाटेल अशी आशाही नसते. म्हणून या क्षेत्रात मांजरांचा हा पुरावा अजूनही वजनदार मानला जातो. स्टर्मन यांनी नंतर अपस्माराच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली, आणि टेनेसी विद्यापीठातले जोएल ल्युबार यांनी १९७६ साली ती एका अतिचंचल मुलावर वापरून पाहिली. लहरी अशा शिकवून बदलण्याला न्यूरोफीडबॅक म्हणतात; त्याची आणि एडीएचडीची गाठ तिथे पडली.

तेव्हा बक्षीस म्हणजे दिवा लागणं किंवा ‘टिंग’ असा आवाज. दहा वर्षांच्या मुलानं आठवड्यातून तीनदा येऊन दिव्याकडे टक लावून बसायचं! जे त्याला सर्वांत कठीण तेच त्याच्याकडून उपचार म्हणून करून घ्यायचं. या अडचणीवरचा तोडगा विमानविद्येतून आला. व्हर्जिनियात नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रात अ‍ॅलन पोप आणि त्यांचे सहकारी वैमानिकांच्या सावधपणाचा अभ्यास करत होते. विमान आपोआप उडायला लागलं की वैमानिक सुस्तावतो. त्याचं लक्ष कितपत कामात आहे हे लहरींवरून कसं ओळखायचं? १९९५ साली त्यांनी एक सोपं गुणोत्तर मांडलं: सावध कामाच्या वेळच्या जलद बीटा लहरी, भागिले स्वस्थपणाच्या अल्फा आणि तंद्रीच्या थीटा लहरींची बेरीज. हेच मोजमाप पोप यांनी व्हिडिओ गेमला जोडलं. बाजारात मिळणारे साधे प्लेस्टेशनचे खेळ घेतले. मुलाचं लक्ष टिकलं तर हातातला कंट्रोलर नीट चालायचा, ढळलं तर मंद व्हायचा.

त्यांनी ईस्टर्न व्हर्जिनिया मेडिकल स्कूलबरोबर नऊ ते तेरा वर्षांच्या २२ मुलांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना जुन्या पद्धतीचं प्रशिक्षण, निम्म्यांना खेळ. प्रत्येकी तासातासाची चाळीस सत्रं. दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि ती जवळपास सारखी होती. फरक पडला तो हजेरीत. खेळाच्या गटातलं एकही मूल मध्येच सोडून गेलं नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत टिकाऊ नोंद हीच आहे. खेळ मुलाला खुर्चीत आणतो आणि चाळीस वेळा आणतो. बाकी सगळ्यावर वाद आहेत, यावर नाही.

वाद का आहेत हे समजायला इलेक्ट्रोडच्या जवळ जावं लागतं. डोक्याच्या कातडीवर पोचेपर्यंत मेंदूतली वीज व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकी उरते. भुवई उडवली, डोळा मिचकावला तर त्याच जागी त्याच्या अनेकपट मोठा झटका उमटतो. दात आवळले तर जबड्याच्या स्नायूंची वीज बीटा लहरींच्या पट्ट्यात मिसळते. खोलीतल्या तारांमधून सेकंदाला पन्नास वेळांची गुणगुण सतत येतच असते. आपल्याकडे तर पहिलाच अडथळा खोबरेल तेलाचा. ईईजीला येताना केस शांपूनं धुऊन या, तेल लावू नका, असं प्रत्येक प्रयोगशाळेत सांगतात ते उगाच नाही; तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही. रुग्णालयात जेल लावून, एकोणीस-वीस ठिकाणी जोडणी करून, जाणत्या तंत्रज्ञाच्या नजरेखाली जे मोजलं जातं ते आणि घरी चढवायचा कोरड्या इलेक्ट्रोडचा हेडबँड यांत म्हणूनच खूप अंतर आहे. मुलं हुशार असतात. जबडा आवळला की गडी पळतो हे एखाद्याला तिसऱ्या दिवशी कळतं, आणि मग तो महिनाभर जबड्याचा व्यायाम करतो. चांगली प्रणाली असे खोटे संकेत ओळखून बाजूला काढते. स्वस्त प्रणाली ते करतेच असं नाही.

दुसरा वाद जास्त खोल आहे. थीटा जास्त आणि बीटा कमी, हीच एडीएचडीची खूण, असं नव्वदच्या दशकात ठासून सांगितलं जायचं. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गुणोत्तरावर आधारलेल्या एका यंत्राला निदानाला मदत म्हणून परवानगीही दिली. पण त्याच वर्षी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा उलगडलं की एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या मुलांमधला हा फरक नव्या अभ्यासांत आक्रसत चालला आहे. झोप कमी झालेल्या मुलाचंही गुणोत्तर वाढतं. म्हणून ‘लहरींचा नकाशा काढून निदान करून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथे थांबावं. निदान होतं ते मुलाच्या वागण्याचा घरचा आणि शाळेचा इतिहास नीट ऐकून. ईईजीची खरी गरज पडते ती वेगळ्या शंकेसाठी: एखादं मूल दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात बघतं, हाक मारली तरी त्याला कळत नाही, आणि मग काहीच न झाल्यासारखं पुढे बोलू लागतं. हा लक्षाचा दोष नसून अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. ईईजीत त्याची खूण दिसते आणि त्यावर औषध आहे. अशा मुलाला वर्गात ‘तंद्रीत असतो’ म्हणून शिक्षा होत राहणं मला असह्य वाटतं.

आता मुख्य प्रश्न: या खेळांनी मुलं सुधारतात का? कोगोलँडच्या मागे सिंगापूरच्या सरकारी संशोधन संस्था, तिथलं मानसिक आरोग्य केंद्र आणि ड्यूक-एनयूएस वैद्यकीय महाविद्यालय यांतली माणसं आहेत. त्यांनी आधी छोट्या गटांवर काम केलं, मग सहा ते बारा वर्षांच्या १७२ मुलांची मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, एकूण २४ सत्रं. पुढे महिन्यातून एकदा अशी उजळणीची तीन. दुसरा गट आपली पाळी यायची वाट बघत थांबलेला. लक्ष न लागण्याच्या तक्रारींना डॉक्टर २७ पैकी गुण देतात. खेळलेल्या मुलांचे गुण सरासरी साडेतीननं उतरले, थांबलेल्यांचे १.९ नं. फरक खरा आहे, पण माफक आहे. शिवाय एका गटाला माहीत होतं की आपल्याला उपचार मिळतोय आणि दुसऱ्याला माहीत होतं की मिळत नाही.

या माहीत असण्याचा परिणाम वेगळा काढायला एक अवघड प्रयोग लागत होता. तो ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिनात युजीन अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं. सगळ्यांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड, सगळ्यांसमोर खेळ, सगळ्यांना ३८ सत्रं. मात्र काही मुलांचा खेळ त्यांच्या स्वतःच्या लहरींवर चालत होता आणि बाकीच्यांचा दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवून ठेवलेल्या लहरींवर. फसवणूक उघडी पडू नये म्हणून त्या नोंदीवर समोरच्या मुलाचं डोळे मिचकावणं आणि हालणं तेवढं चढवलं होतं. मुलांना, पालकांना, सत्र घेणाऱ्यांना, कोणालाच कोण कुठल्या गटात ते ठाऊक नव्हतं. निकाल छापून आला तेव्हा या क्षेत्रातल्या पुष्कळांना तो पचवणं जड गेलं. दोन्ही गटांतली मुलं चांगलीच सुधारली होती, तेरा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती, आणि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

त्यानंतर ३८ चाचण्या आणि २,४७२ माणसांची माहिती एकत्र करणारा आढावा डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना उपचार कोणाला मिळाला हे बहुधा ठाऊक नव्हतं अशा लोकांचीच निरीक्षणं धरली, तर न्यूरोफीडबॅकनं एडीएचडीच्या लक्षणांत अर्थपूर्ण घट होते असं त्यात दिसलं नाही. सर्वमान्य ठरीव पद्धतीनं केलेल्या प्रशिक्षणात थोडा परिणाम होता, तोही लहान.

काही जण एवढं वाचून पुस्तक मिटतील. मला मात्र ओहायोच्या त्या दुसऱ्या गटातली मुलं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. परक्या लहरींवर खेळली आणि तरीही वर्षभर बरी राहिली. का? त्यांना काय मिळालं होतं ते बघा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, एक शांत मोठं माणूस फक्त त्यांच्यासाठी बसत होतं. ते माणूस रागावत नव्हतं. आपण प्रयत्न केला की समोर काहीतरी हलतं, हा अनुभव त्यांना ३८ वेळा आला. घरच्यांना झोपेबद्दल आणि खाण्याबद्दल सल्ला मिळाला. आईवडील त्यांना गाडीत घालून आणत होते, वाटेत बोलत होते, आणि मूल सुधारतंय का हे शोधणाऱ्या नजरेनं त्याच्याकडे बघत होते. एरवी ती नजर चुका शोधत असते. काळाबरोबर आपोआप येणारी थोडी समजही त्यात असणारच. लहरींच्या दाव्यातून हवा गेली, पण हे सगळं उरलं, आणि ते फुकट घालवण्यासारखं नाही. महागड्या यंत्राशिवाय त्यातलं किती देता येईल? माझ्या दृष्टीनं या विषयातला सर्वांत जिवंत प्रश्न हा आहे आणि पुस्तकाची बरीच पानं मी त्यालाच दिली आहेत.

इथे एक घोळ निस्तरायला हवा, कारण बातम्यांमध्ये दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. १५ जून २०२० रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ‘एन्डेव्हर आरएक्स’ या खेळाला आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी परवानगी दिली आणि ‘डॉक्टरांनी लिहून द्यायचा पहिला व्हिडिओ गेम’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्या खेळाचा मेंदूलहरींशी संबंध नाही. तो टॅब्लेटवर खेळतात. मुलाला एकाच वेळी दोन कामं सांभाळावी लागतात आणि अवघडपणा त्याच्या कुवतीप्रमाणे बदलत राहतो. ३४८ मुलांच्या चाचणीत संगणकावर मोजलेलं लक्ष सुधारलं. पालकांनी दिलेल्या गुणांत मात्र तो खेळ खेळलेली मुलं आणि साधा शब्दखेळ खेळलेली मुलं यांच्यात फरक निघाला नाही.

आणि एक भीती. २०१९ साली चीनच्या झेजियांग प्रांतात जिन्हुआजवळच्या एका प्राथमिक शाळेतली छायाचित्रं जगभर गेली. वर्गातल्या मुलांच्या कपाळावर लक्ष मोजणारे पट्टे, त्यावर रंग बदलणारा दिवा, आणि कोणाचं लक्ष किती याची आकडेवारी शिक्षकांच्या संगणकावर. चिनी पालकांनीच इतका संताप व्यक्त केला की स्थानिक शिक्षण खात्याला ते पट्टे बंद करावे लागले. तंत्र तेच होतं. बेटाभोवती धावणारा गडी मुलाच्या हातात सत्ता देतो. कपाळावरचा दिवा ती त्याच्याकडून काढून घेतो. एडीएचडी असलेल्या मुलावर आधीच वर्गातले सगळे डोळे असतात. त्याच्या डोक्यावर आणखी एक दिवा लावायला कोणी निघालं तर शिक्षकांनी आणि पालकांनी ठाम नाही म्हणावं. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. मेंदूलहरी ही मुलाची माहितीच आहे. ती कुठे साठवली जाते, कोणाला दिली जाते आणि सत्रं संपल्यावर तिचं काय होतं, हे सही करण्याआधी लेखी मागावं.

मुंबई-पुण्यात आणि आता इतर शहरांतही न्यूरोफीडबॅकचं पॅकेज सुचवलं जातं. कर्ज काढून ते घेणारे पालक आहेत. त्यांना मला एवढंच विचारायचं असतं: मुलाची नजर आणि कान तपासले का? झोप पुरते का? वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता सोबत आहे का? एडीएचडीच्या पुष्कळ मुलांत ती असते. त्यासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी तपासणीची सोय आहे, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. बालमनोविकारतज्ज्ञाला दाखवलं का? १९९९ साली ५७९ मुलांवरचा चौदा महिन्यांचा मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. काळजीपूर्वक मात्रा ठरवून आणि वरचेवर तपासून दिलेलं औषध मूळ लक्षणांवर निव्वळ वर्तनोपचारापेक्षा जास्त परिणामकारक असल्याचं त्यात दिसलं. अगदी लहान मुलांच्या बाबतीत सुरुवात पालकांच्या प्रशिक्षणानं करावी असा वैद्यकीय सल्ला आहे. गोळीची भीती वाटणं स्वाभाविक आहे, पण त्या भीतीचा फायदा घेऊन कोणी ‘औषधमुक्त इलाज’ विकत असेल तर पुरावा मागायलाच हवा. चालू औषध तर खेळाच्या भरवशावर, डॉक्टरांना न विचारता, कधीही बंद करू नये.

एवढं सगळं करूनही कोणाला हा खेळ मुलाला द्यायचा असेल, ऐपत असेल आणि मुलाला त्यात गोडी वाटत असेल, तर मी अडवणार नाही. खोट्या संकेतांचं काय करता, इलेक्ट्रोड किती आणि कुठे लावता, सत्रभर मुलाजवळ कोण बसतं, हे आधी विचारा. सगळे पैसे एकदम भरू नका. दहा सत्रांनंतर थांबता येईल अशी बोली करा. सुरू करण्याच्या आधीच्या पंधरवड्यात रोज किती वेळा आठवण करावी लागली, दप्तरात काय राहून गेलं, गृहपाठ किती पुरा झाला, हे वहीत लिहून ठेवा. खेळातल्या गुणांवर जाऊ नका, कारण खेळ खेळून खेळात तरबेज सगळेच होतात. दोन महिन्यांनी वर्गशिक्षिकेला भेटा. मधल्या काळात काय सुरू केलं ते तिला आधी सांगू नका. मूल कसं आहे एवढंच विचारा, आणि ती जे सांगेल ते वहीतल्या पंधरवड्याशेजारी ठेवून बघा.